माझ्या पाठीमागची आजी

१० ऑगस्ट, सोमवार. सकाळ.

आजपासून लू बार्टोकचा रेडिओ कार्यक्रम ऐकायचा नाही. ठरलं.

आज शेवटचा म्हणून ऐकला. विषय होता, वेस्ली हार्गेटचं यश त्याचं स्वतःचं, की साथीदारांचं? वेस्ली हार्गेट म्हणजे मी. सोळावा सीझन सुरू होतोय, टोलेडो ग्लासमेन या अमेरिकन फुटबॉलच्या टीमला दोनदा विजेतेपद मिळवून दिलं, आणि हा माणूस सकाळी सकाळी अख्ख्या गावाला फोन करून मत द्यायला सांगतो.

लू श्रोत्यांना शाळेत शिकवल्यासारखं समजावत होता. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन उभा असतो. समोरून रेड्यांसारखी माणसं त्याला आडवं करायला धावतात. त्याचे पाच जण त्यांना अडवून धरतात, तेवढ्यात त्याने चेंडू फेकायचा. आता हार्गेट उजव्या हाताचा. फेकायला वळला की डावीकडून कोण येतंय ते त्याला दिसतच नाही. त्या डाव्या बाजूला गेली अकरा वर्षं कोण उभं आहे? काझ पिएत्रास. मग सांगा, यश कुणाचं?

लाग्रांज स्ट्रीटवरच्या सॉसेजच्या दुकानातल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, अहो, काझ पाठीशी असेल तर माझा नवरासुद्धा चेंडू फेकेल, आणि त्याला तर फ्रीजमधलं दूध सापडत नाही. लू पोट धरून हसला.

या लोकांना मुद्द्याचं माहीतच नाही. म्हणजे मी मुलाखतींत शंभर वेळा सांगितलंय, पण ऐकतं कोण. मागून कोणी येत असलं की मला चाहूल लागते. आवाज वगैरे नाही. त्या दोन-तीन सेकंदांत मला काहीच ऐकू येत नाही, सगळं स्टेडियम बोंबलत असलं तरी. फक्त एकाएकी लोरीन आजीची आठवण येते. माझ्या आईची आई, इंडियानातली. वारली त्याला किती वर्षं झाली. आजी आठवली की पाय आपोआप दोन पावलं पुढे सरकतात, आणि मागचा माणूस रिकाम्या हवेत जाऊन आपटतो. म्हणून तर प्रत्येक टचडाउननंतर, गुण मिळाले की, मी आकाशाकडे बोट करतो. ही साथीदारांची कृपा नव्हे. ही देणगी आहे.

लूला फोन करून सांगावं असं वाटलं. पण आपण त्या पातळीवर उतरायचं नाही. तेही ठरलं.

१२ ऑगस्ट, बुधवार.

कोच रॅन्समनी बोलावलं. काझच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर डिसेंबरच्या आत मैदानाचं नाव काढू देत नाहीत. तोवर त्याची जागा राखायची, की त्याला मोकळं करायचं? डावीकडे डेशॉन प्रूइट उभा राहू शकतो. जॉर्जियाचा आहे, कॉलेजातून नुकताच आलाय, दारातून आडवा होऊन आत येतो एवढा मोठा. कोच म्हणाले, पाठ तुझी आहे वेस, तू म्हणशील तसं करू.

मला का कोण जाणे, सॉसेजवाल्या बाई आठवल्या. मी म्हटलं, कोणीही चालेल.

कोचनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं.

हे काझच्याच भल्यासाठी आहे. पस्तिशी ओलांडली, तीन मुलं आहेत, घरी बसेल, गुडघ्याला आराम पडेल. यामागे माझा शब्द आहे हे त्याला कळायची गरज नाही. उगाच उपकारांचं ओझं होईल त्याला.

उद्या फोन करायचा.

१४ ऑगस्ट, शुक्रवार.

फोन राहिला. सराव होता.

पण आज तो स्वतःच आला, कपाट रिकामं करायला, कुबड्यांवर. बाकीचे चौघे राखणदार उठून उभे राहिले. मीही राहिलो, जरा उशिरा. काझ म्हणाला, बसा रे, मयताला आल्यासारखे काय उभे राहता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, म्हाताऱ्या, अकरा वर्षं मी फक्त समोरच्यांचे विचकलेले दात पाहिले. मागे तू चेंडू फेकत होतास की बटाटे, देव जाणे.

यावरून आठवलं. क्वार्टरबॅकने नाताळात आपल्या पाच राखणदारांना भेट द्यायची असते. दुसरे लोक घड्याळं देतात, शेगड्या देतात. मी गेल्या वर्षी विचार केला, बिचाऱ्यांची पाठ कायम माझ्याकडे, माझी एकही फेक यांनी धड पाहिलेली नाही. म्हणून प्रत्येकाला माझ्या उत्तमोत्तम फेकींच्या फोटोंचा आल्बम दिला. जाडजूड, चामड्याच्या बांधणीचा. काझला तर शब्दच सुचेनात. फक्त म्हणाला, वजनदार आहे.

निघण्याआधी त्याने प्रूइटला कोपऱ्यात नेलं आणि बराच वेळ कानात काहीतरी सांगितलं. प्रूइट मान डोलावत होता, मध्येच हसला. सॉसेजची पाककृती असणार. पोलिश घरातला माणूस, काझचं जग तेवढंच आहे.

दारात मला म्हणाला, पाठ सांभाळ. मी म्हटलं, काळजी नको, माझी आजी आहे. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग एवढा हसला की कुबडी निसटली. म्हणाला, हो, आजी तर आहेच.

चांगला माणूस.

१३ सप्टेंबर, रविवार.

पहिली मॅच हरलो. ऊन डोळ्यांवर येत होतं. टेस म्हणते, बाबा, आज ढग होते. चौदा वर्षांच्या मुलीला हवामानातलं काय कळतं.

पुन्हा पुन्हा आडवा पडलो. प्रत्येक वेळी डावीकडून, मागून.

आजी आली नाही. एकदाही नाही.

१५ सप्टेंबर, मंगळवार.

कारण सापडलं. आजी रागावली आहे. कित्येक वर्षांत तिच्या थडग्यावर गेलो नाही. माणूस किती सहन करेल, मेलेला असला तरी.

बायकोला, मार्लाला, सांगितलं तर ती भाजी चिरायची थांबली. म्हणाली, वेस, तुझी आजी? जी माशा मारायची फळी घेऊन तुझ्या मागे धावायची ती? जिला फुटबॉल म्हणजे शेतात काम नको असलेल्यांचा धंदा वाटायचा ती? मी म्हटलं, मृत्यूनंतर माणसं बदलतात. तिने चिरायला सुरुवात केली. जरा जोरातच.

पुढच्या सुट्टीला इंडियानाला जायचं. यात चालढकल नाही.

२२ सप्टेंबर, मंगळवार.

जाऊन आलो. शेवंतीचा मोठा गुच्छ ठेवला. नंतर आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, अरे, तिला फुलांनी शिंका यायच्या, जन्मभर घरात फूल आणू दिलं नाही तिने. परत जाऊन गुच्छ शेजारच्या थडग्यावर ठेवला. तिथे कोणी ग्रोव्हर मॅकनिश झोपलेत. त्यांची ना नसावी.

आजीशी बोललो. म्हटलं, चूक झाली, माफ कर, रविवारी ये. बाजूच्या शेतात ट्रॅक्टर चालू होता. पण मनाला शांत वाटलं. येणार ती.

२७ सप्टेंबर, रविवार.

नाही आली.

४ ऑक्टोबर, रविवार.

हरलो, पण आज हरण्याचं खरं कारण हाती लागलं. डेशॉन प्रूइट.

हा एवढा मोठा माणूस, आणि समोरचा त्याला चुकवून माझ्याकडे सुटला की हा मैदानातच ओरडतो, मीमॉ! त्यांच्याकडे दक्षिणेत आजीला मीमॉ म्हणतात. म्हणजे पराभव दिसला की हा आजीच्या नावाने गळा काढतो! टीव्हीवर रेकॉर्डिंग पाहताना स्पष्ट ऐकू आलं. आज पाच-सहा वेळा तरी. मैदानात मला ऐकू येत नाही ते बरंच आहे, नाहीतर माझं मनोधैर्य खचलं असतं.

मनाने लहान राहिलेली माणसं माझी पाठ राखणार आणि लू माझ्या यशाचं श्रेय त्यांना देणार.

उद्या कोचशी बोलायचं.

५ ऑक्टोबर, सोमवार.

बोललो. कोच म्हणाले, ओरडू दे की, कोणी जोसेफ-मेरीला हाक मारतं, कोणी आईमाई काढतं. मी म्हटलं, माझी एकाग्रता जाते. मग त्यांनी प्रूइटला बोलावून सांगितलं, वेस खेळत असेल तेव्हा आजीबिजी बंद. प्रूइट माझ्याकडे पाहून म्हणाला, पण सर, मला तर काझनी... कोच म्हणाले, बंद म्हणजे बंद. तो म्हणाला, बरं सर.

प्रत्येक गोष्टीत काझचं नाव घ्यायची सवय लागलीय सगळ्यांना.

११ ऑक्टोबर, रविवार.

फासळीला तडा. डॉक्टर म्हणाले, श्वास घेताना दुखेल. मी विचारलं, सोडताना? म्हणाले, तेव्हाही.

प्रूइट आज अगदी गप्प होता. शिस्त लागली. तरी हरलो.

१५ ऑक्टोबर, गुरुवार.

गुरुवारी राखणदारांचं जेवण असतं. क्वार्टरबॅक म्हणून मी दर गुरुवारी जातो. टेबलाच्या टोकाला बसतो, विनोद सांगतो, सगळे हसतात. आज निरोप आला की जेवण नाही, सगळ्यांची पोटं बिघडलीत.

चौघांचीही. प्रूइट धरून पाच.

काळजीने सूप पाठवावं म्हणून मार्लाला सांगायला गेलो, तर टेसने फोन पुढे केला. कोणीतरी फोटो टाकला होता. काझच्या घरामागचं अंगण, निखाऱ्यांवर सॉसेज, पाचही जण, काझ खुर्चीत, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. प्रूइट हसत होता. त्याला हसताना मी फारसं पाहिलेलं नाही.

टेस म्हणाली, बाबा, तू काझकाकांना भेटायला एकदा तरी गेलास का? मी म्हटलं, त्याला आरामाची गरज आहे. ती म्हणाली, हो ना, दिसतंय.

फासळी दुखतेय. म्हणूनच डोळ्यांत पाणी येतं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

१ नोव्हेंबर, रविवार.

हरलो. लोक ओरडत होते, काच फुटली, काच फुटली. ग्लासमेन नाव कुणी ठेवलं या टीमचं.

आजीला विनवणी म्हणून आता मी फळं खायची सोडली आहेत. तिला काय आवडायचं ते आईला विचारलं. आई म्हणाली, एकटं राहायला आवडायचं.

१५ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ.

अक्षर वेडंवाकडं येतंय. उजवा हात गळ्यात आहे.

काय झालं ते आठवत नाही. चेंडू हातात आला, वळलो, मग छताचे दिवे. मार्ला म्हणते, शुद्धीवर येताना मी तीन-चारदा विचारलं, काझ कुठे आहे? शक्य नाही. कार कुठे आहे असं म्हणालो असेन. पार्किंगचा त्रास आहेच तिथे.

मार्लाने मला गाडीतून घरी आणलं. मग माझे बूट काढायला खाली बसली आणि तिथेच, बूट हातात धरून, म्हणाली, मी सोळा वर्षं स्टँडमध्ये बसून तुझ्याकडे पाहिलेलंच नाही, वेस. मी काझकडे बघायचे. तो उभा आहे ना, एवढंच. तो उभा असला की मला श्वास घेता यायचा.

मी म्हटलं, अकरा वर्षं. त्याआधी तो नव्हता. ती म्हणाली, त्याआधी मी बाहेर गाडीत बसायचे.

हे मला माहीत नव्हतं.

२२ नोव्हेंबर, रविवार.

आज मला बाहेर बसवलं. माझ्या जागी जोना रीस, चोवीस वर्षांचा, अजून दाढीसुद्धा नीट येत नाही.

जिंकलो. म्हणजे ते जिंकले.

नशीब. दुसरं काही नाही. मी अगदी जवळून, कोट घालून बाकावर बसून, सगळं पाहिलं. प्रूइटला मी नसताना बंदी नाही, त्यामुळे त्याचं मीमॉ मीमॉ पुन्हा सुरू. आणि गंमत अशी की तो ओरडला की रीस नेमका त्याच क्षणी दोन पावलं पुढे सरकायचा, आणि मागून आलेला हवेत आपटायचा. प्रत्येक वेळी! योगायोग म्हणतात तो असा. मला तर ते पाहून लोरीन आजीची फार आठवण आली.

ती माझी रीत आहे. याला कुणी शिकवली?

२४ नोव्हेंबर, मंगळवार.

काल पत्रकारांनी रीसबद्दल विचारलं. उदारपणे बोललो. म्हटलं, पोरगा बरा आहे, पण पुढे एवढे भक्कम साथीदार उभे असल्यावर कोणीही जिंकेल.

आज सकाळी लूने ते वाक्य चार वेळा वाजवलं. म्हणाला, मंडळी, ऑगस्टपासून आपण जो वाद घालतोय, त्याचं उत्तर साक्षात हार्गेटसाहेबांनी दिलंय.

रेडिओ मी लावला नव्हता. शेजारच्या गाडीतला ऐकू आला. काच मी फक्त थोडी खाली केली होती.

२१ डिसेंबर, सोमवार.

बाकावर बसून बसून पाठ दुखते. एरवी दुखायची ती जागा वेगळी होती.

आज कोचनी बोलावलं. हात बरा झालाय, मला पुन्हा खेळायचंय हे मी त्यांना रोज सांगतोच. म्हणाले, शेवटच्या दोन मॅच उरल्या. पुढच्या वर्षी तू नसशील, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. तुला मैदानातून जायचं असेल तर एकच वाट आहे. काझला डॉक्टरांनी परवानगी दिलीय. तो दोन मॅचपुरता परत आला तर दोन्ही तुझ्या. तो नाही, तर तूही नाही. तुझ्या बायकोला मला तोंड दाखवायचंय.

मी म्हटलं, त्यात काय, मी सांगितलं की येईल.

पाहा, शेवटी सगळे माझ्याच शब्दावर येऊन थांबतात. मी काझला परत यायची संधी देणार. चोवीसला संध्याकाळी त्याच्या घरी जायचं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी माणूस नाही म्हणत नाही. काय बोलायचं तेही ठरवलं: काझ, जुने हिशेब सोड, टीमला तुझी गरज आहे. "मला" म्हणायचं नाही. "टीमला".

२५ डिसेंबर, शुक्रवार. सकाळ.

लिहून टाकतो.

काल अंधार पडायच्या बेताला पोचलो. दार काझच्या आईने उघडलं. घरातली मुलं खिडकीला नाक लावून उभी होती. त्यांच्या पोलिश घरांत आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसेपर्यंत कोणी अन्नाला हात लावायचा नसतो. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडलेलं असतं, न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी. काझच्या आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हापासून हे ताट मांडतेय. वाटायचं, कधी कोणी दमलाभागला वाटसरू येईल, कोणी संत येईल. आणि आला कोण, तर हा. ये, बूट काढ.

काझ स्वयंपाकघरातून आला. जरा लंगडत. म्हणाला, काय रे म्हाताऱ्या, आल्बम परत न्यायला आलास? न्यायचा तर थांबावं लागेल, त्यावर माणूस बसलाय. खरंच, त्याचा धाकटा आल्बमवर बसला होता. खुर्ची बुटकी पडते म्हणे. काझची बायको योला म्हणाली, फार उपयोगी पडला हो, दुसरं कुठलंच पुस्तक एवढं जाड नव्हतं घरात.

मी हसलो. भाषण खिशात होतं, म्हणजे मनात. म्हटलं, जेवण झाल्यावर बोलू.

योलाने माझ्या हातात बीटच्या सूपचं भांडं दिलं, टेबलावर ठेवा म्हणाली. तेवढ्यात पाहिलं तर मधली मुलगी आत पिएरोग्यांच्या, म्हणजे त्यांच्या उकडलेल्या करंज्यांच्या, ताटात हात घालत होती आणि थोरला दारात पहाऱ्याला उभा. चांदणी अजून दिसायची होती. मी भांडं धरून उभा. माझ्या मागून कोणीतरी येत असावं, मला दिसलं नाही. थोरला एकदम ओरडला, बुशा!

आणि मला लोरीन आजी आठवली.

मी दोन पावलं पुढे गेलो. मी गेलो असं म्हणता येणार नाही, पाय गेले. सूप पुढे उडालं आणि काझच्या पांढऱ्या शर्टावर पडलं. जिथे मी उभा होतो तिथून काझच्या आई लाकडी डाव उगारून, तरातरा, चोराच्या दिशेने निघून गेल्या.

बुशा म्हणजे आजी. टोलेडोत हे कुत्र्यालाही माहीत आहे. मलाही होतं.

काझने शर्टाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाला, लोरीन आजी आली होती का?

तो म्हणाला, अरे, आम्ही भाऊ याच स्वयंपाकघरात असंच चोरायचो. बुशा म्हणजे बाबांची आई, तिच्या हाताचा मार म्हणजे विचारू नकोस. पहाऱ्यावरच्याने बुशा म्हणायचं की सगळे पसार. तुझ्याबरोबरच्या पहिल्याच मॅचमध्ये एकजण मला चुकवून तुझ्याकडे सुटला आणि माझ्या तोंडून तेच निघालं. बघतो तर तू पुढे सरकलास. म्हटलं, वा, हुशार आहे. मग तेच ठेवलं. मला वाटायचं तुला ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे, वेस.

मग त्याच्या आई, डाव तसाच हातात, म्हणाल्या, पण तू बोट करायचास ना आकाशाकडे? याने मला सांगितलं होतं, वेस्ली आपल्या बुशाला नमस्कार करतो. मी दर वेळी टीव्हीसमोर उभी राहून क्रूसाची खूण करायचे, सासूबाई, बघा, अख्खा देश तुम्हाला नमस्कार करतोय म्हणून. मग तो कुणाला होता?

मी म्हटलं, त्यांनाच.

हे खोटं की खरं, अजून ठरवता आलेलं नाही.

काझ शर्ट पुसत म्हणाला, प्रूइटलाही शिकवलं होतं. बिचाऱ्याला पोलिश शब्द लक्षात राहीना, एवढंच लक्षात राहिलं की आजी. म्हणून तो स्वतःच्या आजीला बोलवायचा, आणि तुझे पाय तर फक्त बुशाला हलतात. आणि तू जाऊन कोचकडे तक्रार केलीस. ऑक्टोबरात एका गुरुवारी तो इथे येऊन रडला, ठाऊक आहे? म्हणाला, मी हाक मारत नाही आणि ते पडत राहतात.

माझी फासळी भरून आली आहे असं डॉक्टर सांगतात. त्यांना काही कळत नाही.

मग तो म्हणाला, कोचनी मला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं. कोणीही चालेल. बरोबर? अगदी हेच शब्द ना? मी मान हलवली. म्हणाला, आठवडाभर तुझं नाव घेतलं की योला भांडी आपटायची. मग मी म्हटलं, जाऊ दे, फासळ्या त्याच्या आहेत.

खिडकीतून मुलं ओरडली, चांदणी, चांदणी! त्यांच्यात जेवणाआधी कागदासारखी पातळ पांढरी पापडी सगळ्यांना देतात. एकमेकांच्या हातातली थोडी थोडी मोडून खायची आणि शुभेच्छा द्यायच्या. काझने माझी मोडली. म्हणाला, पाठ सांभाळ. माझ्या हातून त्याची पापडी मोडताना निम्मी जमिनीवर पडली. तो उचलायला वाकला आणि अर्ध्यातच टेबल धरून थांबला. चेहरा पांढरा. योलाने पटकन दुसरीकडे पाहिलं. ती पापडी मी उचलली.

डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. तो गुडघा कोचच्या कागदावर बरा आहे. मी विचारलं असतं तर काझ आला असता. हे मला त्याच्या तोंडाकडे पाहून कळलं. तो वाट पाहत होता, हा कधी विचारतो म्हणून.

मी म्हटलं, पिएरोगी फार छान झालेत.

भाषण तसंच परत घेऊन आलो.

२९ डिसेंबर, मंगळवार.

कोचना सांगितलं, काझला विचारलं नाही. का म्हणून त्यांनी विचारलं नाही. हातातली पेन्सिल बाजूला ठेवली. म्हणाले, रविवारी घरची शेवटची मॅच आहे, सुरुवातीला एकदा जाऊन ये, निरोपाचं. पडू नकोस म्हणजे झालं.

बाहेर प्रूइट भेटला. मी म्हटलं, डेशॉन, माझं चुकलं. त्याला एवढं आश्चर्य वाटलं की त्याने मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं. मग रिकाम्या सरावाच्या हॉलमध्ये त्याला शिकवायला बसलो. म्हण, बुशा. तो म्हणाला, बूशू. मी म्हटलं, बुशा. तो म्हणाला, बाशी? घामाघूम झाला बिचारा. शेवटी म्हणाला, सर, मला नाही जमत, मला माझीच आजी सापडते हो. काय करू?

मी म्हटलं, आजी कुणाचीही चालेल. फक्त मोठ्याने हाक मार.

३ जानेवारी, रविवार.

पहिल्याच फेकीला डावीकडचा माणूस प्रूइटला चुकवून सुटला. आणि मला ऐकू आलं. स्टेडियमचा गोंगाट ऐकू आला, माझा श्वास ऐकू आला, आणि त्या सगळ्यावरून प्रूइटचा फाटका आवाज, मीमॉ! सोळा वर्षांत चेंडू फेकताना ऐकलेला पहिला आवाज. पुढे सरकलो. मागचा हवेत आपटला. चेंडू सुंदर गेला, अगदी आल्बममध्ये लावावा असा. झेलणाऱ्याच्या हातातून सुटला.

मग बाहेर आलो. लोक उभे राहिले. बोट सवयीने वर निघालं होतं, अर्ध्यात थांबवलं आणि स्टँडमध्ये काझ जिथे त्याच्या आईला घेऊन बसला होता तिकडे केलं. चांगला बराच वेळ तसंच धरलं.

मार्ला गाडीत नव्हती. स्टँडमध्ये होती. माझ्याकडे बघत होती.

४ जानेवारी, सोमवार. सकाळ.

रेडिओ लावला. उघड उघड लावला.

आजचा विषय: शेवटच्या दिवशी हार्गेटने हॉट डॉगवाल्याकडे बोट का केलं? मी बोट केलं त्याच वेळी म्हणे तो माणूस पेटी घेऊन काझच्या पुढे उभा राहिला होता, आणि टीव्हीवर तोच दिसला. लू म्हणाला, माणूस शेवटी प्रामाणिक निघाला मंडळी, भूक लागली होती. सॉसेजवाल्या बाईंचाही फोन आला, आमच्याकडे पाठवा म्हणाल्या.

मी फोन केला. पहिल्यांदा आयुष्यात. बराच वेळ गाणं वाजत होतं, मग एका मुलीने उचलला. तिने विचारलं, नाव? मी म्हटलं, नाव राहू दे, मला त्या जुन्या वादावर बोलायचंय, हार्गेट की साथीदार. ती म्हणाली, बरं, तुमचं मत काय? मी घसा साफ केला. म्हटलं, सगळं काझ पिएत्रासमुळे होतं.

ती म्हणाली, ते तर ऑगस्टपासून सगळेच म्हणतायत काका, काही नवीन असेल तर सांगा.

नवीन काही नव्हतं. फोन ठेवला.